डोकं दुखतंय का, असं मशीनने विचारलं

‘‘मावशी, हे मशीन मला घराबाहेर जायला सांगतंय. ईराला घेऊन. जाऊ का?’’

मी तेव्हा एका घराच्या मागच्या बाजूला स्टुलावर उभी होते. उजवा हात कोपरापर्यंत भिंतीतल्या पाइपात, हातात लांब दांड्याचा ब्रश, आणि फोन मान वाकडी करून खांद्याशी धरलेला. फेब्रुवारीतली सकाळ. नाक गारठून लाल झालेलं.

‘‘कुठलं मशीन गं? ड्रायर बोलायला लागला की काय?’’

‘‘ड्रायर नाही हो. मोबाइलमधलं. एआय.’’

‘‘त्याला म्हणावं, तू जा बाहेर. इथे काय थंडी पडलीय!’’

ती हसली नाही. मृणाल एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसते. मी पाइपातून हात बाहेर काढला.

आता आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई लोकांच्या भिंतीत हात घालून काय करते. मी योकोहामात घरांची सफाई करते. केर-फरशी नव्हे. एसी उघडून धुणं, एक्झॉस्ट फॅनचं तेल काढणं, आणि कपडे वाळवायच्या ड्रायरचे पाइप साफ करणं. मिस्टरांच्या पोस्टिंगबरोबर आले, ते परतायचं राहूनच गेलं. पहिली दोन वर्षं घरात बसून काढली, मग पार्टटाइम अरुबाइतो म्हणून या कामाला लागले आणि तिथेच म्हातारी झाले. शाळा माझी दहावीपर्यंत. जपानी मी शिकले ती साबणाच्या बाटल्यांवरून. मी वाचलेलं पहिलं जपानी वाक्य ‘मिसळू नका, धोका’ हे आहे. ते वाचता येणं भागच होतं. दोन चुकीच्या बाटल्या बंद बाथरूममध्ये एकत्र झाल्या, तर माणूस तिथेच आडवा होतो.

तर ड्रायर. इथे बऱ्याच घरांत तो गॅसवर चालतो. बाथरूमला लागून कपडे बदलायची एवढीशी खोली असते. तिथे वॉशिंग मशीन, आणि तिच्या डोक्यावर स्टँडवर हा ड्रायर. आत ज्योत पेटते, गरम हवा कपड्यांतून फिरते, मग ती दमट हवा आणि ज्योतीतून निघालेले वायू मनगटाहून जाड अशा पाइपातून भिंतीपलीकडे जातात. बाहेर पाइपाच्या तोंडाला टोपीसारखं झाकण असतं, त्याला आम्ही हुड म्हणतो. कपड्यांचे बारीक तंतू सुटतात, ते लिंट. घरातली जाळी धुतली तरी थोडं लिंट निसटतं आणि वर्षानुवर्षं पाइपात साचत जातं. पाइप चोंदला की कपडे वाळायला वेळ लागतो. दहांतल्या नऊ तक्रारी एवढ्याच. ब्रश घालायचा, ओढायचा, काळ्या-करड्या लोकरीसारखा गोळा बाहेर येतो. घरमालकाला दाखवायचा. तो ‘हेऽऽ’ म्हणून डोळे मोठे करतो. काम झालं.

मृणालचा फोन आदल्या दिवशीही आला होता. ती मूळची पुण्याची, नवरा ओंकार इथे आयटीत, मुलगी ईरा आठ महिन्यांची. आमच्या गणपतीत ओळख झालेली, त्यामुळे मी मावशी. माझ्या घरापासून दोन स्टेशनांवर त्यांनी छोटं दुमजली घर भाड्याने घेतलंय.

‘‘मावशी, ड्रायर तासाचं काम तीन तासांत करतोय. आणि हल्ली ना मला जरा…’’

‘‘लिंट,’’ मी म्हटलं. ‘‘पाइप भरला असणार. मी गुरुवारी येते. तोवर जाळी धुऊन घे आणि चालव.’’

‘‘बरं. म्हणजे मला असं वाटत होतं की…’’

‘‘अगं, काही होत नाही. आत्ता मी शिडीवर आहे, ठेवते हं.’’

तो ‘जरा’ आणि ते ‘असं वाटत होतं’ ही दोन अर्धी वाक्यं तुम्ही लक्षात ठेवा. मी नव्हती ठेवली.

आणखी एक सांगायला हवं. या एआयवर माझा राग होता. आमचे मालक ओकादा-सान मागे लागले होते, ‘‘शैला-सान, लोक आता आधी त्याला विचारतात, मग आपल्याला फोन करतात. ते काय सांगतं ते आपल्याला माहीत हवं.’’ मी म्हणायचे, मला तेवढा वेळ नाही. मुळात मी त्याचा एक प्रताप पाहिला होता. एका गृहस्थाने त्याला विचारलं, ड्रायरचा पाइप कसा साफ करू? त्याने उत्तर दिलं, मशीन भिंतीपासून पुढे ओढा, मागचा पाइप सोडवा, व्हॅक्यूम लावा. दुसऱ्या कुठल्या देशात जमिनीवर उभं असतं हे मशीन, तिथे ते ठीक असेल. इथे पुढे ओढायचं म्हणजे वॉशिंग मशीनच्या डोक्यावरून, गॅसच्या नळीसकट, अंगावर घ्यायचं! मी पोचले तेव्हा त्या गृहस्थाने दोन स्क्रू काढले होते आणि ड्रायर खांद्याने तोलून धरला होता. तेव्हापासून कुणी एआयचं नाव काढलं की मी त्या खांद्याची गोष्ट सांगायचे.

त्यामुळे मृणालने ‘एआय सांगतंय’ म्हटल्यावर माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

‘‘वाच बघू, काय म्हणतंय ते.’’

तिने वाचलं. मराठीतच लिहिलं होतं, बरं का. आधी त्याने प्रश्न विचारले होते. ड्रायर गॅसवर चालतो की विजेवर? कपडे वाळायला जास्त वेळ लागायला लागला, त्याच सुमाराला घरात कुणाचं डोकं दुखायला लागलंय का? मळमळ, गळून गेल्यासारखं? बाहेर गेल्यावर बरं वाटतं का?

‘‘मग? काय उत्तर दिलंस?’’

‘‘ड्रायर गॅसवर, बाकी सगळ्याला हो. तीन आठवडे रोज डोकं दुखतंय मावशी. बाजारात गेले की थांबतं. मला वाटलं, थंडी, झोप नाही, बाळ रात्री उठतं… ईरापण दुपारी नुसती मरगळून पडते. दूध ओकते.’’

‘‘तुम्ही असता कुठे दिवसभर?’’

‘‘ड्रायरच्या खोलीत. हे घर केवढं गार आहे तुम्हाला माहितीये. ड्रायर चालू असला की ती एकच खोली ऊबदार असते. तिथे दार लावून तिला घेऊन बसते.’’

माझ्या पायाखालचं स्टूल हललं. खरोखर हललं, कारण मी एकदम खाली उतरले.

ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही आणि तिचे वायू बाहेर जायच्याऐवजी घरात परतले, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. तो दिसत नाही. त्याला वास नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते. ती झोप वाईट. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी हे शिकवतात. मला शिकवलं होतं. मी नव्या मुलींना शिकवते. आणि आदल्या दिवशी मी त्या पोरीला म्हटलं होतं, जाळी धुऊन घे आणि चालव.

‘‘पुढे वाच,’’ मी म्हटलं.

‘‘लिहिलंय, ड्रायर आत्ता बंद करा. खिडक्या उघडा. बाळाला घेऊन घराबाहेर जा. बाहेरून गॅस कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन करा. बाळाला आणि स्वतःला आजच डॉक्टरांना दाखवा. मग लिहिलंय…’’ ती थांबली. ‘‘मी तुमचं घर पाहू शकत नाही, त्यामुळे माझा अंदाज चुकलेला असू शकतो. पण तो चुकला, तर तुम्ही थोडा वेळ थंडीत उभ्या राहाल, एवढंच होईल.’’

सत्तावीस वर्षं लोकांशी बोलतेय मी. एवढं नीट, एवढं थोडक्यात मला सांगता आलं नसतं.

‘‘मावशी? जाऊ का? अप्पा म्हणतायत, मोबाइल सांगतो म्हणून का थंडीत बाळाला बाहेर काढायचं?’’

‘‘जा,’’ मी म्हटलं. ‘‘त्याचं ऐक. माझं कालचं ऐकू नकोस. आधी ईराला घे आणि बाहेर जा, जाता जाता ड्रायर बंद कर, खिडक्या अप्पांना उघडायला सांग आणि त्यांनाही बाहेर काढ. गॅसवाल्यांना मी फोन करते, तुझ्या जपानीत पत्ता सांगता सांगता संध्याकाळ होईल.’’

हातातलं काम तसंच टाकलं. त्या घरच्या बाईंना वाकून वाकून माफी मागितली, गॅस कंपनीला फोन केला आणि ट्रेनमध्ये बसले. तिथूनही दोनच स्टेशनं. इथे ट्रेनमध्ये फोनवर बोलत नाहीत, म्हणून मी दर मिनिटाला मृणालला मेसेज टाकत होते. बाहेर आहात ना? ईरा जागी आहे ना? तिने फोटो पाठवला. दोन ब्लँकेटांत गुंडाळलेली ईरा, फक्त नाक दिसतंय, आणि ती रडतेय. एवढं सुंदर रडणं मी कधी पाहिलं नाही.

घरासमोर पोचले तर रस्त्यावर तिघं उभे. मृणाल, तिच्या हातात ईरा, आणि अप्पा. अप्पा म्हणजे ओंकारचे वडील. पुण्याला एका कारखान्यात फोरमन होते. तीन महिन्यांसाठी आले होते. डोक्याला माकडटोपी, हात मागे बांधलेले, चेहरा रागावलेला.

‘‘शैलाताई, तुम्ही तरी सांगा हिला. चाळीस वर्षं मशिनरीत काढलीत मी. मशीन बिघडलं तर आवाज येतो, वास येतो. इथे ना आवाज, ना वास.’’

‘‘अप्पा, याला वास नसतोच.’’

‘‘मग आहे कशावरून?’’

‘‘तुमच्या सुनेचं डोकं तीन आठवडे दुखतंय, त्यावरून.’’

त्यांनी मृणालकडे पाहिलं. ‘‘हे मला कधी सांगितलं नाहीस तू?’’

‘‘तुम्ही लगेच पुण्याला फोन लावला असतात, अप्पा. मग आईंनी काढा पाठवला असता.’’

‘‘अगं, बाहेर काही बदललंय का, असंही विचारलं होतं ना त्याने?’’ मी म्हटलं. मी ट्रेनमध्ये असताना तिने त्याचे प्रश्न मला पाठवले होते.

‘‘हो. विचारलं होतं, की पाइपाच्या बाहेरच्या तोंडापाशी हल्ली काही झालंय का. पक्ष्याचं घरटं, रंगकाम, काही झाकलंय का. मी अप्पांना विचारलं.’’

‘‘मी सांगितलं, नाही,’’ अप्पा म्हणाले. ‘‘त्या पाइपाला मी हातही लावलेला नाही.’’

हे त्यांनी खरंच सांगितलं होतं. शब्द न् शब्द खरा.

गॅस कंपनीचे इशिहारा-सान स्कूटरवरून आले. पंचविशीतला मुलगा, पण काम एकदम शांत. हातात मोबाइलएवढा, हवेतला वायू मोजणारा मीटर. आधी एकटे आत गेले, खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, त्यामुळे काही फार सापडलं नाही. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, ‘‘स्वयंपाकघरातला गॅसचा अलार्म वाजला नाही का?’’

मी भाषांतर केलं. मृणाल लाल झाली.

‘‘तो ड्रॉवरमध्ये आहे.’’

‘‘ड्रॉवरमध्ये?’’

‘‘फोडणी घातली की बोंबलतो मावशी. रोज सकाळी. ईरा दचकून उठायची. म्हणून काढून ठेवला.’’

इशिहारा-साननी मला फोडणी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, तेल तापवून त्यात मोहरी. त्यांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

मग मी आत जाऊन ड्रायरचा पाइप आतून उघडला. मनात म्हणत होते, आता निघेल लोकरीचा गोळा. ब्रश घातला, ओढला. चिमूटभर लिंट. पाइप जवळजवळ स्वच्छ! म्हणजे मी गुरुवारी येऊन ब्रश मारला असता तरी… मी तो विचार पुरता होऊ दिला नाही. पाइप परत जोडून टाकला. अडचण बाहेर होती.

इथे दोन घरांच्या मधे एक फट असते. माणूस आडवा चालेल एवढी. तिकडे कुणी फिरकत नाही. फक्त एसीचं बाहेरचं मशीन, गॅसचा मीटर आणि मांजरी. माझं अंग आता त्या फटीच्या मापाचं राहिलेलं नाही, पण श्वास आत घेतला आणि सरकत गेले. मागून इशिहारा-सान. त्यांच्यामागून अप्पा, ‘‘अहो, तिकडे कशाला, तिकडे काही नाहीये,’’ म्हणत.

आणि मी बघतच राहिले.

भिंतीला टेकून एक छोटंसं घर उभं होतं. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक, प्रत्येक कोपरा काटकोनात, भिंतीला चारी बाजूंनी टेप, एक सुरकुती नाही. वरच्या भागात, प्लास्टिकच्या आत, ड्रायरचं हुड. आणि खाली कुंडीत कढीपत्ता. हिरवागार! कोवळी तांबूस पालवी फुटलेली. फेब्रुवारीत! तुम्हाला हे कळायचं नाही, पण या देशात हिवाळ्यात कढीपत्ता जगवणं म्हणजे काय, ते इथल्या बायकांना विचारा. माझे चार मेले. चारही खिडकीत, चारही जानेवारीत.

‘‘अप्पा,’’ मी म्हटलं, ‘‘हे काय आहे?’’

‘‘हीट रिकव्हरी,’’ अप्पा म्हणाले. राग क्षणात गेला आणि आवाजात कारखाना आला. ‘‘ताई, एवढी गरम हवा हे लोक नुसती बाहेर फेकतात. मी म्हटलं, वापरू या. मृणालचं झाड पानं गाळत होतं. रोज सकाळी त्याच्यापुढे उभी राहून हळहळायची. तिला सांगितलं, हवापालटाला पाठवलंय. पाडव्याला काढून तिच्यापुढे ठेवणार होतो. पाइपाला हात लावलेला नाही बघा. फक्त भोवती बांधलंय.’’

मी इशिहारा-सानना सगळं समजावलं. ते खाली वाकून ती जोडणी बघत होते. म्हणाले, ‘‘फार सुंदर काम आहे.’’ मग हळूच म्हणाले, ‘‘हवा जायला जागा कुठे ठेवलीय?’’

अप्पांनी खालचं एक भोक दाखवलं. रुपयाएवढं.

पुढचं इशिहारा-साननी बोलून नाही, करून दाखवलं. घरात कुणी नाही याची खात्री केली. त्यांनी ड्रायरच्या खोलीचं दार लावलं, खिडकी लावली, मीटर आत ठेवला, ड्रायर सुरू केला आणि बाहेर अंगणातून काचेतून आम्हाला आकडे दाखवले. काही मिनिटं काहीच नाही. मागे ते प्लास्टिकचं घर फुग्यासारखं तट्ट फुगलं. मग काचेवर आतून दमट वाफ धरायला लागली. मग मीटरवरचा आकडा एक एक करत चढायला लागला. लिफ्टच्या मजल्यांसारखा. आवाज नाही. वास नाही. मग मीटर ओरडला. त्यांनी बाहेरूनच, फटीतल्या गॅसच्या मीटरपाशी गॅस बंद केला, मागे जाऊन एका हाताने प्लास्टिक टराटरा फाडलं.

ज्या पाटावर मृणाल ईराला घेऊन बसायची, तो पाट काचेतून दिसत होता. त्यावर ईराचा एक पायमोजा.

अप्पांनी माकडटोपी काढली. मग सगळं प्लास्टिक, सगळ्या काड्या स्वतः काढल्या, एकेक घडी करून, कचऱ्याच्या पिशवीत वेगवेगळ्या घातल्या, प्लास्टिक वेगळं, बांबू वेगळा. अशा वेळीही वर्गीकरण चुकलं नाही. मग रस्त्यावर येऊन त्यांनी ईराला घेतलं आणि तिच्या कपाळाला नाक लावून किती तरी वेळ उभे राहिले.

‘‘अप्पा, असू दे,’’ मृणाल म्हणाली. ‘‘अलार्म तर मीच काढला होता.’’

‘‘तू डोकं दुखतंय हे मला सांगायला हवं होतंस.’’

‘‘तुम्ही झाड कुठंय ते सांगायला हवं होतं.’’

दुपारी डॉक्टरांनी दोघींना तपासलं. ईराच्या इवल्याशा बोटाला चिमटा, मृणालचं रक्त. त्यांनी थोडा वेळ ऑक्सिजन दिला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. दोघी ठीक. डॉक्टर एवढंच म्हणाले, वेळेवर आलात. ओंकार ऑफिसातून धावत आला, त्याच्या गळ्यात अजून आयडी कार्ड लटकत होतं.

त्या संध्याकाळी मृणालने मला ते सगळं संभाषण दाखवलं. मी चष्मा लावून वाचत बसले. आणि मला खरी गोष्ट तिथे कळली. तिने त्या मशीनला काय काय लिहिलं होतं! कपडे वाळत नाहीत. मावशी गुरुवारी येणार आहेत, त्यांना पुन्हा फोन करायला संकोच वाटतो. डोकं दुखतं. ईरा मरगळते. सासरे चांगले आहेत पण त्यांना काही सांगितलं तर घर डोक्यावर घेतात. नवऱ्याची डेडलाइन आहे. मी कुठे बसते, केव्हा बसते, दार लावते. सगळं. चार माणसांना जे चार तुकड्यांत सांगायचं ते तिने एका जागी ओतलं होतं. आणि त्याने त्यातून बरोब्बर दोन गोष्टी उचलून शेजारी शेजारी ठेवल्या, कपडे आणि डोकं. मला त्यातली एकच सांगितली होती तिने. दुसरी सांगायला लागली, तेव्हा मी शिडीवर होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि ओकादा-सानना म्हटलं, चला, विचारू या त्याला. आम्ही दोघं म्हातारे त्यांच्या टॅबलेटपुढे शेजारी बसलो. मी आधी फक्त विचारलं, ड्रायरचा पाइप कसा साफ करू? त्याने तेच सांगितलं, भिंतीपासून ओढा वगैरे. मी ओकादा-सानना कोपराने ढोसलं, बघा, खांदा! मग लिहिलं, मी योकोहामात राहते, ड्रायर गॅसचा आहे, वॉशिंग मशीनच्या वर आहे. उत्तर तिथल्या तिथे बदललं. स्वतः काढू नका, गॅसची नळी जोडलेली असते, जाळी तेवढी धुवा, बाकीचं जाणकाराकडून करून घ्या. मग लिहिलं, हल्ली माझं डोकं जड असतं. तर साफसफाईचा एक शब्द नाही! सगळं सोडून म्हणालं, आधी बाहेर जा.

मग मला चेव आला. विचारलं, हुडात पाखरांनी घरटं केलंय, काय करू? म्हणालं, अंडी किंवा पिल्लं असतील तर काढू नका, इथे त्याला परवानगी लागते, शहराच्या कचेरीत विचारा. हे मला कधी कळलं माहितीये? घरटं काढून, कचेरीतल्या माणसाची बोलणी खाऊन. ओकादा-सान पुन्हा पुन्हा ‘हेऽऽ’ करत होते. कुणाच्या घरात कधी पाऊल न टाकलेलं, कधी लिंटने न शिंकलेलं ते, आणि आम्ही दोघं तोंडात बोट घालून बसलेले. अर्थात एकदा चुकलंही. दुसऱ्या मजल्यावरच्या हुडाचं झाकण बाहेरून हाताने ओढून काढा म्हणालं. माझे हात अजून तेवढे लांब झालेले नाहीत.

‘‘शैला-सान,’’ ओकादा-सान म्हणाले, ‘‘याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.’’

‘‘जास्त माहीत आहे की नाही ते मला कळत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘मलाही डोकेदुखीचं माहीत होतंच. त्याने विचारलं, मी विचारलं नाही.’’

ओकादा-साननी लगेच फोन घेणाऱ्यांसाठीचा आमचा फॉर्म काढला आणि पेन माझ्यापुढे केलं. त्यावर नाव, पत्ता, मशीनचं मॉडेल, पार्किंग आहे का, असे प्रश्न होते. त्या सगळ्यांच्या वर मी माझ्या वाकड्यातिकड्या जपानीत एक ओळ लिहिली. घरात हल्ली कुणाचं डोकं दुखतंय का? खाली दुसरी लिहिली. समोरच्याचं बोलून होईपर्यंत थांबा. ही दुसरी ओळ खरं तर फक्त माझ्यासाठी आहे, पण सगळ्यांच्या फॉर्मवर छापली गेली.

अप्पा पाडव्याच्या आधी पुण्याला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी तो अलार्म स्वतः लावला, फोडणीची कढई दुसऱ्या शेगडीवर सरकवली आणि तीन वेळा मोहरी तडतडवून वाजत नाही ना ते तपासलं. कढीपत्ता आता मृणालच्या दिवाणखान्यात आहे. थोडी पानं गाळली त्याने, पण जगला. तिने मला एक फांदी दिली, ती माझ्या खिडकीत आहे. अजून तरी आहे.

आणि तो प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. लोक जरा चमकतात. पाइप साफ करायला बोलावलं, आणि ही बाई डोक्याचं काय विचारते? परवा एका जपानी आजीबाईंचा फोन आला. मी विचारलं, घरात कुणाचं डोकं दुखतंय का?

‘‘माझं दुखतं की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सून आल्यापासून.’’

मी हसले नाही. विचारलं, ‘‘ड्रायर गॅसवर आहे की विजेवर?’’ गॅसवर होता. म्हटलं, आत्ता बंद करा, खिडक्या उघडा, सुनेला घेऊन बाहेर उभ्या राहा, मी येते.

गेले, मीटर लावला, फटीत शिरून मागेही बघून आले. मीटर गप्प, पाइप स्वच्छ. आजीबाईंचंच खरं होतं.